गुंडाळीत मावलेली अक्षरं

आमची नात पुण्याला कॉम्प्युटरवर काम करते. मागच्या खेपेला आली तेव्हा जेवताना सांगत होती, की ती जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी लायब्ररी बनवते आहे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, हे तिनंच समजावलं. लहान लहान तुकडे असतात. एक तुकडा एकच काम करतो. दुसऱ्यांनी ते उचलायचे, एकाला एक जोडायचे आणि आपापलं काम उरकायचं. वजनाला मात्र हलकी पाहिजे. ऑफिसातले सगळे तिच्या मागं लागलेत, हेही घाल, तेही घाल. तिचं म्हणणं, घालणार नाही.

ती बोलत होती आणि मी भिंतीवरच्या खुंटीकडं बघत होतो. तिनंही तिकडं बघितलं.

"आजा, तुमी त्या गुंडाळीत काय घेतलं आन काय गाळलं, ते एकदा लिहून काढा ना."

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण या तालुक्यात माझ्याइतकी अक्षरं कुणी रंगवलेली नाहीत, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. म्हणून लिहायला बसलो.

त्या खुंटीला एक गुंडाळी आहे. एक्स-रेच्या फिल्मची, सायकलच्या ट्यूबची रिंग घालून बांधलेली. तिच्या आधी माझ्याकडं पत्र्याचे साचे होते. साचा म्हणजे पत्र्यात अक्षर कोरून काढलेलं असतं, भोकावर रंगाचा बोळा दाबला की खाली अक्षर उमटतं. अक्षर तेवढे पत्रे, वर काना-मात्रांचे वेगळे, जोडाक्षरांचे वेगळे. सगळे एका लोखंडी पेटीत. ती पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधली की सायकलचं पुढचं चाक उचलायचं. लय अभिमान होता मला त्या पेटीचा. गावात कुणाच्या बैलगाडीवर नाव घालायचं असलं, शाळेच्या भिंतीवर म्हण लिहायची असली, की पेटी उघडायची. बघायला लोक जमायचे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याच्या पहिल्या सालात आमच्या वस्तीला आग लागली. लागली म्हणायची रीत आहे. लावली. निघा म्हटल्यावर बायकोनं पोरगं उचललं, मी पेटीची कडी धरली. दोन पावलं ओढली. बायको नुसती माझ्याकडं बघत उभी राहिली. मी पेटी सोडली आणि तिच्या हातातलं पीठमिठाचं गाठोडं घेतलं. पुढं कुणीतरी सांगितलं, पत्रे वितळले नाहीत पण वाकडे झाले, पोरांनी भंगारात घातले.

परभणीला मेव्हण्याच्या घराशेजारी खोपट घातलं आणि वीटभट्टीवर लागलो. बायको बी लागली. गावाकडून निरोप यायचे, परत या, आता शांत झालंय, शेतावर माणूस पाहिजे. मी निरोप आणणाऱ्याला एकच सांगायचो, "पेंटर म्हणून गाव सोडलंय, पेंटर म्हणूनच येईन. खुरपं धरायला येणार न्हाई." बायको म्हणायची, "आवो, पेंटराला पेटी लागती." मी म्हणायचो, "लागती. पण आता आशी करीन की एका हातात पोरगं आन दुसऱ्या हातात ती, तरी पळता येईल."

हे तोंडून निघून गेलं. आता करणं आलं.

फिल्म मला दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दिली. लोक एक्स-रे काढायचे आणि बरे झाले की न्यायला यायचे नाहीत. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून फिल्म बुडवली की वरचा काळा थर सुटतो आणि खाली काचेसारखा कागद राहतो. कात्रीनं कापतो, पाण्यानं कुजत नाही, गुंडाळला की मनगटाएवढा होतो. आणि पत्र्यात नसलेली एक गोष्ट फिल्ममध्ये आहे. आरपार दिसतं. खालची रेघ बघून तुकडा ठेवता येतो.

बायकोला ते घरात नको होतं. "कुणाची बरगडी, कुणाचा खांदा. मेल्यात का जित्ते हायत ते बी ठावं न्हाई."

"जित्तेच आसतील. मेलेला कशाला एक्स-रे काढतोय."

"मंग धुवून तरी नीट काढा. ह्याचं हाड आजून दिसायलंय."

ते हाड शेवटपर्यंत निघालं नाही. आजही एका तुकड्यावर कुणाचा तरी खांदा पुसट दिसतो.

सगळी अक्षरं कापायची म्हटली तर फिल्म असो की पत्रा, गठ्ठा तेवढाच होणार. म्हणून अक्षरं मोडायला बसलो. भट्टीवरून आलो की बायको अंगणात राखेवर बोटानं अक्षर काढायची. ती तेव्हा संध्याकाळच्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जायची आणि तिला नव्या शिकणाऱ्याची हौस होती. मी म्हणायचो, मला अक्षर सांगू नको, ते कशाचं बनलंय ते सांग. बघता बघता दिसायला लागलं. एक काठी आहे, ती तर बहुतेक अक्षरांच्या अंगात आहे. एक पोट आहे. काठीला पोट लावलं की व, पोटात तिरपी रेघ मारली की ब. एक आकडी आहे, ती ग ला लागते, त ला लागते. एक गाठ आहे, म ची आणि भ ची. एक चाप आहे, वेलांटीचा. एक ठिपका. र आणि ह मात्र काही केल्या मोडेनात. हट्ट केला, पण जोडून जे उमटायचं ते बघवत नव्हतं, मग ते दोन्ही अख्खे कापले. असे थोडे अडेलतट्टू निघतातच. त्यांना मोडत बसू नये.

बाणाचा तुकडा मी केला नाही. काठी आडवी ठेव, टोकाला दोन तिरप्या दाब, झाला बाण. फुलाचा केला नाही. बायको मागं लागली होती, विहारावर लिहाल तेव्हा एक कमळ पाहिजे. म्हटलं, कमळ ब्रशनं काढीन. वर्षातून एकदा लागणारी वस्तू मी रोज पाठीवर वागवणार नाही.

पोट उलटायचं कसं सुचलं, ते सांगतो. फिल्मला सुलट-उलट नसते. दोन्हीकडून सारखीच. एकदा भिंतीवर व उमटवला तर पोट काठीच्या उजवीकडं गेलं. बायको बघून म्हणाली, "ह्यो व रुसून बसलाय. तोंड फिरवलंय त्यानं." मी पुसायला फडकं उचललं आणि थांबलो. मग काठीच्या डावीकडं तेच पोट सुलटं दाबलं. दोन्ही मिळून जे दिसलं त्यातलं उजवं पोट थोडं खालून झाकलं असतं तर क झाला असता. पोट सुलटं, शेजारी उलटं, वर मधोमध आखूड काठी, तर ळ. म्हणजे उजव्या अंगाचे वेगळे तुकडे कापायची गरजच नाही. जे आहेत तेच पालटायचे. गुंडाळी निम्म्यावर आली. सुलटी बाजू ओळखायला मी प्रत्येक तुकड्याचा एक कोपरा छाटला, जनावराच्या कानाला खूण करतात तसा.

मग मी माझ्या उस्तादाकडं गेलो.

उस्ताद परभणीतले जुने पेंटर. निजामाच्या काळात उर्दू पाट्या लिहिलेला हात. नंतर मराठी आली तरी हाताची सवय गेली नाही, मराठी पाटीसुद्धा ते उजव्या टोकाकडून सुरू करायचे. शेवटचं अक्षर आधी, पहिलं अक्षर शेवटी. नवखा माणूस बघायचा तर त्याला वाटायचं, म्हातारा चुकला. पाटी पुरी झाली की एक केस इकडंतिकडं नसायचा. ब्रश धरायला मला त्यांनीच शिकवलेलं. साच्याचं काम त्यांना पटायचं नाही. साच्याच्या अक्षराला मध्ये जोड ठेवावा लागतो, नाहीतर पोटाचा मधला भाग गळून पडतो. तो जोड मागून ब्रशनं भरून काढायचा. ते म्हणायचे, ही खिडकीची जाळी आहे, अक्षर नाही.

त्या वेळी रस्त्यावरच्या गावांच्या पाट्यांचं काम एका गुत्तेदाराला, म्हणजे कंत्राटदाराला, मिळालं होतं. पिवळा पत्रा, काळी अक्षरं. गुत्तेदारानं ते उस्तादाला सांगितलं होतं आणि उस्तादाचा हात थरथरायला लागला होता. उभी रेघ जमेना, आडवी तेवढी अजून बंदुकीच्या गोळीसारखी जायची. मी गुंडाळी उघडून त्यांच्या पुढ्यात पसरली.

"इत्तासाच? बाकीची अक्षरं घरी ठेवून आला काय रे?"

"बाकीची ह्यातच हायत, उस्ताद. तुमी गावाचं नाव सांगा."

"हौ? लिख, ताडकळस."

मी सुरुवात केली. त्यांनी शिकवलेलं म्हणून उजवीकडून. स झाला. मग ळ. पोट सुलटं दाबलं, उचललं, उलटं केलं आणि दाबलं. पहिल्या वेळचा ओला रंग फिल्मच्या वरच्या अंगाला होता, तोच आता खाली गेला. उचलून बघतो तर ळ भोवती काळा लोळ. पुसायला गेलो तर स ला बी लागला. भिंतीवर एकेक अक्षर करताना मधे वाळायला वेळ मिळत होता, म्हणून हे कधी समजलंच नव्हतं.

उस्तादानं चष्मा कपाळावर सारला. "पाटीनं पान खाल्लंय, बेटा. थुंकली बी हाय."

"उस्ताद, पुसून करतो."

"पुसून किती करणार? एक अक्षर, पुसणं. एक अक्षर, पुसणं. पाटी होईपर्यंत गाव उठून जाईल." मग थोडं नरम होऊन म्हणाले, "उलटं पोट दुसरं कापून घे की. झगडा खतम."

मला ते नको होतं. बायकोही घरी तेच म्हणाली, "कापा की दुसरं, फिल्म का सोन्याची हाय?" फिल्मचा प्रश्नच नव्हता. आज उलटं पोट, उद्या उलटी आकडी, परवा लहान काठी, मोठी काठी, आणि मग एक दिवस मी परत पेटीची कडी धरून ओढत असेन. हे मी तिला बोललो नाही. तिला ते ठाऊक होतं. उस्तादानं सांगितलं होतं, गुत्तेदाराचा पुढचा माल यायचाय. तोवर जमलं तर ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. दुसरा माणूस बघितला असता तर मी भट्टीवरच राहिलो असतो, किंवा खुरपं धरायला गावी गेलो असतो. तिसरी वाट नव्हती.

वाट सापडली ती भट्टीवरच. विटा थापताना साचा भरायचा, पालथा करायचा, वीट जमिनीवर. तिच्या शेजारी दुसरी. अशी सगळी ओळ थापून होते. कुणी एक वीट थापून ती वाळायची वाट बघत बसत नाही. आणि ओळ जरा सुकून आवळली की मग एका टोकापासून सगळ्या विटा कडेवर फिरवत जायचं. थापणं वेगळं, फिरवणं वेगळं. वर्षभर मी हेच करत होतो आणि पाटीवर मात्र एक वीट थापून तीच फिरवायला बघत होतो. मी हातातला साचा राखेत बुडवता बुडवता हसलो. शेजारच्या बाईनं बायकोला विचारलं, "काय झालं गं ह्यांना?" बायको म्हणाली, "अक्षर आलं आसंल आंगात."

माल आला तेव्हा मी उस्तादाच्या वाड्यामागच्या मोकळ्या जागेत सगळ्या पाट्या जमिनीवर ओळीनं मांडल्या. सुतळीनं रेघा पाडल्या, कुठं काय येणार त्याच्या खुणा खडूनं केल्या. मग एकच तुकडा हातात घेतला, काठी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या पाट्यांवर नुसत्या काठ्या दाबत गेलो. परत पहिल्या पाटीशी आलो तोवर ती वाळली होती. मग पोट सुलटं, सगळ्यांवर. मग त्याच पोटाला रॉकेलच्या फडक्यानं पुसून उलटं.

अर्धं झालं असताना गुत्तेदार आला. जीपमधून उतरून त्यानं ओळ बघितली. पाट्यांवर काठ्या होत्या, पोटं होती, एकही अक्षर धड नव्हतं.

"हे काय हाय?" तो उस्तादाला म्हणाला. "हे कंच्या भाषेत लिवलंय? शेळ्या बांधायचे खुंटे काढलेत का?"

उस्तादांनी माझ्याकडं बोट केलं. "इसे पूछो."

"आजून व्हायलंय साहेब," मी म्हटलं.

"काय व्हायलंय? ह्या पिंगळीच्या पाटीवर पि कुठाय, ग कुठाय? पत्रा खराब केलास तर भरून कोण देणार, तू?"

"तुमी चहा घेऊन या."

"मला चहाला धाडतोस?"

"न्हाई, इथं बसा मंग. पर बोलू नका. हात हालतोय."

तो उस्तादाकडं बघायला लागला. उस्ताद बिडी पेटवत होते. म्हणाले, "बैठो साब. मेरेको बी अबी तक पढने में नई आया. देखेंगे." त्यांनी मला हाकलून द्या म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. त्यांनी गुत्तेदाराला बाज ओढून दिली.

आकडी झाली. गाठ झाली. चाप सुलटा झाला, पुसून उलटा झाला. ठिपके दिले. ब्रशनं पोटांचे जोड भरले. तरी ते अक्षरांसारखं दिसत नव्हतं, सगळे अवयव आपापले लोंबत होते. गुत्तेदार उठून दोनदा पाट्यांपर्यंत येऊन गेला. राहिली होती ती वरची रेघ. तिचा तुकडा मी केलेलाच नव्हता. ती रेघ ब्रशनं एका दमात ओढायची असते आणि तो दम माझ्यापेक्षा उस्तादाच्या हातात जास्त होता. मी चपटा ब्रश रंगात बुडवून त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी तो घेतला, बिडी विझवली, गुडघ्यावर बसले आणि पहिल्या पाटीच्या उजव्या टोकापासून रेघ ओढायला लागले. रेघ जशी डावीकडं सरकत गेली तसं खालचं एकेक अक्षर जागेवर येत गेलं, स, मग ळ, मग क. ताडकळस शेवटाकडून उठून उभं राहिलं. त्याच्या शेजारी पिंगळी, मग पाथरी.

गुत्तेदार म्हणाला, "आसं व्हतंय व्हय." आणि जीपकडं जाता जाता वळून म्हणाला, "मानवत गावाच्या बाजूच्या बी पाट्या घ्या मंग."

उस्ताद ओळीनं रेघा ओढत शेवटच्या पाटीशी आले आणि थांबले. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा, पण वाचायचे.

"ये तो तेरा गाव है ना?"

"हौ."

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि कंबर धरून उठले. ती एक रेघ मी ओढली. त्यांच्यासारखी उजवीकडून.

पाट्या गाडायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो. गुंडाळी बगलेत होती. गुत्तेदाराची माणसं आमच्या फाट्यावर खड्डा खणत होती तेव्हा गावातले एक म्हातारे शेतकरी बैल घेऊन चालले होते. मोठी जमीन, वजनदार घर. माझ्या बापानं त्यांच्याकडं सालगडी म्हणून साल घातलेलं. ते थांबले, पाटी वाचली.

"अक्षर झकास हाय. पेंटर कुठला?"

"इथलाच," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला निरखलं. "तू व्हय. आलास का परत?"

"आलो."

"बरं झालं. रानात माणूस पायजेच व्हता."

"रानात न्हाई, मालक. भिंत रंगवायची आसंल, गाडीवर नाव घालायचं आसंल तर सांगा. मी वस्तीवरच हाय."

ते बैलाच्या पाठीवर थाप मारून पुढं गेले. पाटी खड्ड्यात उभी केली, दगड ठोकले. ट्रॅक्टर पुढच्या फाट्याकडं गेला. मी त्या पाटीच्या बाजूनं आत चालत गेलो. जळालेल्या जागेवर गवत होतं. तिथंच कूड उभा केला आणि पुढच्या बाजाराला बायको-पोराला घेऊन आलो. काम यायला वेळ लागला. आधी आमच्या लोकांचं आलं, मग शाळेचं, मग दूध डेअरीचं. त्या म्हाताऱ्यांच्या घरचं सर्वांत शेवटी आलं, पण आलं. ट्रॅक्टर घेतला होता, त्याच्यावर नाव घालायचं होतं. नाव मी घातलं. रानात मी त्यानंतर कधी गेलो नाही.

नातीनं विचारलं होतं, काय घेतलं, काय गाळलं. गुंडाळी मी तिच्यापुढं उघडली. तिनं एकेक तुकडा उजेडात धरून बघितला, खांद्याच्या हाडाशी थांबली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मधल्या वर्षांत काहीच वाढवलं न्हाई?"

तिला एक सांगितलं, ते इथंही लिहितो. पुष्कळ वर्षांनी, एका संक्रांतीला, ज्या नावापायी आमची वस्ती जळाली ते नाव विद्यापीठाला मिळालं. पुरतं मागितलं तसं नव्हे, पण मिळालं. वस्तीतले लोक माझ्या दारात आले. म्हणाले, नाव मोठं हाय, वस्तीच्या तोंडाला मोठी पाटी पाहिजे, नवे साचे करायला वेळ लागंल ना? बायको आतून म्हणाली, "आवो, बघा एकदा, फिल्म आणावी लागंल का?"

मी खुंटीवरून गुंडाळी काढली. अंगणात पाटी आडवी घातली, सुतळीची रेघ पाडली आणि काठीपासून सुरू केलं. पोट, आकडी, गाठ, चाप, ठिपका. उलटायचे ते पुसून उलटले. शेवटी वरची रेघ उजवीकडून ओढत आणली. लोक वाचायला लागले, तेव्हा मी तुकडे पुसून परत गुंडाळत होतो. एकही नवा कापावा लागला नव्हता.